पदराखालचा माइक

धनपाल अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. निपाणीतलं कार्यालय, मे महिना, तीनेकशे माणसं घामानं निथळत बसलेली आणि एक उंच, वाळका, पांढऱ्या शर्टातला माणूस भिंतीवरच्या बटणांपाशी जाऊन शांतपणे एकेक पंखा बंद करत चाललेला. नवऱ्या मुलाचे मामा ओरडत आले, "ओ व्हिडिओवाले, जीव घेतासा काय माणसांचा?" गळ्यातले हेडफोन काढून अण्णांनी मामांच्या कानांवर चढवले आणि एक पंखा पुन्हा चालू केला. "काय ऐकू येतंय?" मामा म्हणाले, "विमान." अण्णांनी पंखा बंद केला. "आता?" मामा डोळे बारीक करून ऐकत राहिले. त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "पोरगी काय तर पुटपुटतीया. देवाचं नाव घेतीया बहुतेक." अण्णा म्हणाले, "तीच तुमची सून. मंगलाष्टका हुईस्तोवर पंखं बंद ऱ्हाऊ द्या, एवढंच मागतोय." उरलेले पंखे मामांनी स्वतःच्या हातानं बंद केले.

त्यानंतर वर्षभरानं मी त्यांच्या स्टुडिओत कामाला लागले. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, बेळगावात एडिटिंगचा कोर्स करून आले होते आणि घरच्यांना वाटत होतं की लग्नाचे व्हिडिओ जोडणं हे काही बाईमाणसाचं काम नव्हे. अण्णांनी मुलाखत घेतली ती अशी: हेडफोन दिले, एक रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "ह्यात नको असलेलं काय काय हाय?" मी म्हटलं, फ्रिज आहे, लांब कुठंतरी मोटारसायकल आहे आणि कुणीतरी बांगड्या हलवतंय. ते म्हणाले, "बांगड्या नको असलेल्या न्हाईत. त्या नवरीच्या हाईत. बाकी बराबर." आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

अण्णा मूळचे सदलग्याचे. घरात शेती, थोडा व्यापार, बोलणं अर्धं कानडी आणि अर्धं मराठी. भावांनी शेतं सांभाळली, ह्यांनी रेडिओ उघडले. निपाणीला येऊन एका दुकानात रेडिओ दुरुस्तीचं काम धरलं, मग टेप, मग व्हिडिओ. तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. गावातले बाकीचे व्हिडिओवाले नवा कॅमेरा आला की तो घ्यायचे. अण्णा नवा माइक घ्यायचे. त्यांचं ठाम मत होतं, "कॅमेऱ्याच्या अंगातला माइक काय ऐकतोय? स्वतःचीच घरघर. मग लांबच्या माणसाचं त्यो काय ऐकणार?"

त्यांच्या कॅमकॉर्डरच्या बाजूला माइकच्या वायरी खोचायला दोन जागा होत्या. एका जागी नळीसारखा लांब माइक, तो मांडवातलं ऐकायचा. दुसरीकडे वायरलेसची छोटी डबी. तिला आवाज यायचा तो नवरीच्या पदराखाली टाचलेल्या, हरभऱ्याएवढ्या कॉलर माइकचा. हे दोन आवाज एकमेकांत मिसळत नसत. डावीकडं मांडव, उजवीकडं नवरी, असे दोन वेगळे नोंदले जायचे आणि मग मी संगणकावर ते हवे तसे एकत्र करायचे. आवाजाची पातळी कॅमेऱ्यानं आपोआप ठरवावी हे अण्णांना मुळीच चालायचं नाही. "ऑटोवर ठिवलं की बँड वाजला रं वाजला, कॅमेरा सगळ्यांचाच गळा दाबतोय. आपन हातानं बघायचं. कोन हळू बोलतंय, त्याच्यासाठी कान मोठा करायचा."

नवरीला माइक लावणं त्यांनीच सुरू केलं. दुसरीकडं नवऱ्या मुलाच्या शेरवानीला माइक लावायची पद्धत होती. अण्णा म्हणायचे, "लग्नात भटजीचा आवाज येतोय, मामाचा येतोय, जेवनावळीतल्या वाढप्याचा पन येतोय. जिचं लग्न हाय तिचाच तेवढा येत न्हाय." आमच्या व्हिडिओत नवरीचा उखाणा स्वच्छ यायचा, पाठवणीच्या वेळी ती आईच्या कानात काय म्हणाली ते यायचं. त्यामुळं चिकोडीपासून गडहिंग्लजपर्यंतची माणसं आम्हांला बोलवायची. पुरुषमाणसानं नवरीला माइक कसा लावायचा, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. नवरीच्या खोलीत जायचं, पदराच्या आतल्या बाजूला माइक टाचायचा, कमरेला डबी खोचायची, बटण चालू करायचं. "दागिन्यापासनं चार बोटं लांब लाव गं शोभा," दर वेळी हेच सांगणं. मग ते बाहेर मांडवात हेडफोन घालून उभे राहायचे, मी माइकजवळ तोंड नेऊन कानडीत एक-दोन-तीन, "वंदु, एरडु, मूरु" म्हणायचे आणि ते लांबून हात वर करायचे.

सहा वर्षं असं चाललं. त्या सहा वर्षांत कुठल्याही नवरीनं मला विचारलं नाही की हे बटण कधी बंद होतं. मीही कुणाला सांगितलं नाही. ते बंद व्हायचं ते सगळं आटोपल्यावर, मी माइक काढून घ्यायचे तेव्हा.

सुवर्णाचं लग्न निपाणीपासून सात-आठ मैलांवरच्या एका गावात होतं, घरासमोरच्या मांडवात. वडील वसंतराव, म्हणजे तिचे आप्पा, चांगला बागायतदार माणूस, गावात शब्दाला किंमत असलेला. सुवर्णाची आई ती चार वर्षांची असतानाच गेलेली. वसंतरावांची बहीण माहेरी येऊन राहिली होती आणि तिनंच सुवर्णाला वाढवलं होतं. तिला सगळं घर आत्ती म्हणायचं. मी माइक लावला तेव्हा सुवर्णाचे हात गार होते. मे महिन्यातही नवरीचे हात गार असतात, घाबरलेली असते पोर, असं मला वाटलं. मी तिला म्हटलं, "हसरा चेहरा ठेवा हं." आणि बाहेर येऊन माझा फोटोचा कॅमेरा घेतला.

मुहूर्ताला वीस मिनिटं राहिली होती. अण्णा मांडवाच्या तोंडाशी कॅमेरा लावून येणाऱ्या पाहुण्यांचं चित्रण करत होते. वसंतराव फेटा बांधून दारात उभे होते, येईल त्याच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडत होते, प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारत होते. मी फोटो काढता काढता अण्णांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात हेडफोनवर दाबून धरले होते. वायरलेसला खरखर लागली असेल म्हणून मी खूण केली. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी हेडफोन काढले, पुन्हा घातले. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू ठेवून ते घराच्या दिशेनं निघाले. तीन-चार पावलं टाकली असतील, तेवढ्यात वसंतराव हसत त्यांच्यासमोर आले.

"काय अण्णा, माझ्या पोरीचा आवाज येतोय न्हवं नीट?"

अण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "येतोय."

वसंतरावांनी त्यांच्याही अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि ते पुढं गेले. अण्णा मागं फिरले आणि मांडवाचा खांब धरून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी पंखे बंद करायला सांगितलं नाही. एरवी ते जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे, लग्नातही त्यांचं ताट वेळेवर लागायचं. त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. मी कारण विचारलं तेव्हा "पित्त झालंय" म्हणाले.

चार दिवसांनी मी एडिटिंगला बसले. डावीकडचा आवाज लावला: सनई, माणसं, वसंतरावांची हाक. उजवीकडचा लावला आणि पडद्यावर वसंतराव गुलाबपाणी शिंपडत असताना माझ्या कानात सुवर्णा बोलायला लागली.

"आत्ती, मला भ्या वाटतंय गं त्या माणसाचं. परवा फोन उचलाय उशीर झाला तर म्हनला, कुनासंगं बोलत हुतीस, एकदा घरात ये, मग बघतो तुझ्याकडं. दोनदा म्हनला. हसत न्हवता आत्ती. आप्पांस्नी सांग की. एक महिना तरी थांबवा म्हनावं."

"गप. अक्षता घिऊन मानसं उभी हाईत. आता बोलायचं व्हय ह्ये?"

"गेल्या महिन्यात बी तुला सांगिटलंतं मी."

"सगळ्या पोरींस्नी तसंच वाटतंय. डोळं पूस. काजळ उतरतंय."

मग बराच वेळ नुसतं रडणं होतं. तोंडात पदर कोंबून रडतात तसं. माइक पदरालाच असल्यामुळं ते फार जवळून येत होतं.

मी हेडफोन काढले. अण्णा पलीकडच्या टेबलावर एका वायरीला सोल्डरचा डाग देत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ऐकलंस?"

"तुम्ही?"

"मी तवाच ऐकलंतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी डाग द्यायची कांडी खाली ठेवली. "निघालोतो मी. त्यो बाप हसत म्होरं आला. त्याला काय सांगू? तुझी पोरगी आत रडतीया म्हनून? मी कोन त्यांचा? भाड्यानं बोलावलेला मानूस. दुसऱ्याच्या खोलीतलं कानानं चोरलेलं घिऊन मांडवात उभा ऱ्हाऊ?" मग म्हणाले, "आन् ह्ये सगळं मी आत्ता बोलतोय. तवा ह्यातलं काय बी मनात आलं न्हवतं. तोंडातनं 'येतोय' एवढंच आलं."

"आता?"

"आता काय? लगीन झालं." त्यांनी पुन्हा वायर हातात घेतली. "तेवढं काप. पन मूळ फाइल पुसू नको."

मी कापलं. त्या जागी सनई लावली. हे मी केलं, माझ्या हातांनी, हे इथं लिहून ठेवते. माइक मी लावला, बटण मी चालू केलं आणि आवाजही मीच काढला. आठवड्यानं वसंतरावांचा फोन आला. उखाण्यात पोरीचा आवाज इतका लख्ख आलाय की सगळं घर पुन्हापुन्हा ऐकतंय, म्हणाले. फोन स्पीकरवर होता. अण्णा उठून बाहेर गेले.

पुढचं दीड वर्ष ते काम करत राहिले, पण माणूस बदलला. लग्नात हेडफोन एका कानावरच ठेवायचे. पूर्वी बँडवाल्यांशी गोडीनं बोलायचे, आता चिडायचे. त्या गावचं कुणी भेटलं, अगदी एसटी स्टँडवर सुद्धा, की विचारायचे, "वसंतरावांच्या पोरीचं बरं हाय न्हवं?" माणसं म्हणायची, बरं आहे की, का? एकदा मला म्हणाले, "शोभा, मी तीस वर्सं हेच शिकलो, की हळू बोलनाऱ्यासाठी कान मोठा करायचा. कान मोठा केला. फुडं काय करायचं ते शिकलोच न्हाय."

मग एका शनिवारी मांडव-डेकोरेशनवाल्याकडून कळलं की सुवर्णा माहेरी आली आहे. मनगट प्लास्टरमध्ये आहे. सासरची माणसं म्हणतात, मोरीत पाय घसरून पडली. ती म्हणते, मी परत जाणार नाही. उद्या सकाळी दोन्हीकडची वडीलधारी बसणार आहेत, आणि वसंतराव पाठवायच्याच विचारात आहेत.

अण्णा तसेच उठले. "फाइल काढ."

मी म्हटलं, "अण्णा, आधी सुवर्णाला विचारू. तिच्याशी बोलू, मग ठरवू."

"विचाराय गेलो की परत पाय अडकतील माझं," ते म्हणाले. "एकदा अडकलं तेवढं पुरं झालं."

मला ते पटलं नव्हतं. पण मी जास्त ओढून धरलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. वसंतरावांच्या सोप्यात सतरंजीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. जावई आला नव्हता, त्याचे वडील आणि चुलते होते. सुवर्णा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिच्या मागं आत्ती. आम्हांला बघून वसंतराव बुचकळ्यात पडले, पण दारात आलेल्या माणसाला या म्हणायची त्यांची सवय मोठी. बसा म्हणाले. आम्ही कडेला बसलो.

जावयाचे चुलते बोलत होते. आवाज चढलेला नव्हता, समजुतीचा होता. "लगीन ठरल्यावर सहा महिनं गेलं मधी. एक शब्द तरी बोलली का पोरगी? त्याचा सोभाव असा, मला पसंत न्हाय, असं कवा म्हनली? तवा सगळं ग्वाड हुतं. आता दीड वर्सानं कसं सुचलं? तुमीच सांगा वसंतराव."

वसंतराव सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "माझ्या कानावर तर काय आलं न्हवतं."

अण्णा उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि एक खुर्ची मध्ये ओढली. त्यावर माझा लॅपटॉप ठेवला, शेजारी छोटा स्पीकर. कुणीतरी "ह्ये काय आनि?" म्हणेपर्यंत त्यांनी चालू केलं होतं.

पडद्यावर दीड वर्षापूर्वीचे वसंतराव फेटा बांधून दारात उभे होते, हसत होते, गुलाबपाणी शिंपडत होते. आणि त्यांच्या त्या हसण्यावर सुवर्णाचा आवाज सुरू झाला. "आत्ती, मला भ्या वाटतंय गं."

'गेल्या महिन्यात बी तुला सांगिटलंतं' हे आलं तेव्हा आत्ती दारातच खाली बसली. वसंतराव बहिणीकडं बघत नव्हते, मुलीकडं बघत नव्हते. ते पडद्यावरच्या स्वतःकडं बघत होते.

रडण्यापाशी अण्णांनी थांबवलं. म्हणाले, "ह्ये मी त्याच टायमाला ऐकलंतं. वसंतरावांनी मला विचारलं, आवाज येतोय का नीट. मी येतोय म्हनलो. तेवढंच म्हनलो. पोरीनं सांगिटलं न्हवतं असं कुनी म्हनू नये, म्हनून आलो."

वसंतराव उठले. मला वाटलं, अण्णांच्या अंगावर हात टाकतात की काय. ते लॅपटॉपपाशी आले, झाकण हळूच मिटवलं आणि व्याह्यांकडं वळून म्हणाले, "च्या घिऊन जावा. पोरगी येनार न्हाय."

आम्ही सामान गाडीत ठेवत होतो तेव्हा सुवर्णा गोठ्याकडून आली. मला वाटलं, आता ती अण्णांच्या पाया पडेल. खरं सांगते, तसंच वाटलं मला.

ती म्हणाली, "अण्णा, ते माझं हुतं."

अण्णांना कळेना. "काय पोरी?"

"ते रडनं. ते बोलनं. माझं आन् आत्तीचं हुतं. आत्तीनं मला ल्हानाचं मोठं केलंय. तिचं चुकलं, मला ठाऊक हाय, पन ते मी बघून घेतलं असतं. सगळ्या गावाम्होरं तिला असं बसवायचं न्हवतं. आज सगळ्यांम्होरं बोलायला मी रातभर मनात शब्द जुळवलं हुतं, ते तसंच ऱ्हायलं." प्लास्टरचा हात तिनं दुसऱ्या हातानं उचलून धरला होता. "मला एकदा विचारायचं तरी. त्या दिवशी तुमी विचारलं न्हाईसा. आज बी न्हाय."

एवढं बोलून ती गोठ्याकडं वळली. परतीच्या वाटेवर गाडी हायवेला लागली. मग अण्णा म्हणाले, "तू म्हनली हुतीस." मी गाडी चालवत राहिले.

सुवर्णा माहेरी राहिली. पुढं रीतसर सोडचिठ्ठी झाली. आत्ती मात्र त्याच आठवड्यात पिशवी घेऊन घरातून गेली, लांबच्या एका पुतण्याकडं राहिली. तीन महिन्यांनी सुवर्णाच जाऊन तिला परत घेऊन आली, असं आम्ही ऐकलं. आमच्याबद्दलही माणसांनी बरंच ऐकलं होतं. निपाणीत बोललं जायला लागलं की धनपालच्या माइकला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, घरातलं काढून चारचौघांत वाजवतो. ठरलेली लग्नं एकेक करून दुसरीकडं गेली. एका गृहस्थांनी तर बोलवलं आणि वर बजावलं, "माइक बिइक काय आनू नका, नुसतं चित्र घ्या." अण्णा त्या लग्नाला गेले. कॅमेऱ्याच्या अंगातल्या माइकवर घेतलं सगळं. घरघरीसकट.

जी थोडी कामं राहिली, त्यांत त्यांनी एक पद्धत घातली. माइक लावायच्या आधी ते नवरीच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "सांग तिला." मी डबी तिच्या हातात द्यायचे. हे बटण. आत्तापासून तुमचं बोलणं बाहेर एका माणसाला ऐकू येईल. नको वाटेल तेव्हा असं दाबा. बऱ्याच जणी हसायच्या. काही जणी लगेच दाबून बघायच्या. एका नवरीनं सुरुवातीलाच बंद केलं आणि शेवटपर्यंत चालू केलं नाही. तिच्या घरच्यांनी नंतर खूप बोल लावले, उखाणा ऐकू येत नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "मशीन बिघडलंतं माझं." एवढी वर्षं आवाजावर ज्याचं नाव, त्यानं हे म्हणणं मला ऐकवेना. पण ते पुन्हापुन्हा म्हणाले, न चिडता.

पुढं काही वर्षांनी त्यांची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा बेळगावला डायलिसिससाठी जावं लागायचं. अण्णांच्या पत्नी, पद्मावती वहिनी, सोबत जायच्या, त्यांना जमलं नाही तर मी. स्टुडिओ मीच चालवत होते. शेवटच्या महिन्यातली एक दुपार सांगते. त्या दिवशी मी गेले होते. अण्णा पलंगावर, हाताला नळ्या, यंत्र फिरत होतं. त्यांचा चेहरा पार लहान झाला होता. दारातून निळ्या गणवेशातली एक बाई आत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. मी ओळखलं नाही. अण्णांनी ओळखलं.

"सुवर्णा न्हवं?"

ती त्याच इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होती. आप्पांनी शिकवलं म्हणाली, सोडचिठ्ठीनंतर दोन वर्षं कोर्स केला. रजिस्टरवर निपाणी आणि धनपाल नाव दिसलं म्हणून बघायला आली. आत्ती तिच्याजवळच राहते, इथंच, वडगावात खोली आहे. ती हे सगळं उभ्यानंच सांगत होती. मी स्टूल पुढं केलं तेव्हा बसली.

अण्णा म्हणाले, "ती फाइल हाय अजून. शोभाकडं. काय करायचं तिचं? तू सांगशील तसं."

सुवर्णानं माझ्याकडं पाहिलं, मग यंत्राकडं. "मला द्या," ती म्हणाली. "दुसरीकडं ठेवू नका." मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात मी ती तिच्या हातात दिली आणि माझ्याकडची तिच्यादेखत पुसली.

त्या दुपारी अण्णा पुढं एकदम म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी वसंतरावांस्नी सांगिटलं असतं, तर थांबवलं असतं का गं त्यांनी?"

मला वाटलं, ती त्यांना बरं वाटेल असं काहीतरी म्हणेल. आजारी माणसाला माणूस म्हणतोच. तिनं विचार केला. खरोखरच विचार केला, कपाळाला आठी घालून.

"ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "आप्पांस्नी तवा लोकांची लई भीड हुती. बहुतेक न्हाय थांबवलं असतं." मग ती जरा पुढं झुकली. "पन तुमी सांगायला पायजे हुतं, अण्णा."

"व्हय," अण्णा म्हणाले. "पायजे हुतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ती उठेल, तिचं काम पडून असेल. पण तिनं त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि ती तिथंच बसून राहिली. यंत्र थांबलं, नर्सनं नळ्या काढल्या, पट्टी बांधली, तोवर ती उठली नाही. मग त्यांना उठून बसायला हात दिला आणि खालपर्यंत, गाडीपर्यंत, आमच्याबरोबर आली.

त्यानंतर नऊ दिवसांनी अण्णा गेले.